गर्दी ओसरेपर्यंत

संध्याकाळी सहाच्या सुमाराला ठाण्याहून डोंबिवलीची गाडी पकडणं म्हणजे काय असतं, ते ज्यांनी पकडलीय त्यांनाच माहीत. गाडी मुंबईहूनच भरून येते, दादरला भरते, घाटकोपरला आणखी कोंबली जाते आणि ठाण्याला येईस्तोवर लेडीज डब्याच्या दारातल्या बायकांना श्वास घ्यायला जागा नसते, खालून आपण "थोडं आत सरका ना" म्हणतो आणि वरून उत्तर येतं "सरकू कुठे?" आणि दोघींचंही खरं असतं. मी १९९५ ते ९८ ही तीन वर्षं रोज ही गाडी पकडली, खरं तर रोज दोन-तीन सोडल्या. आमच्या ग्रुपमध्ये एक वाक्य ठरलेलं होतं. कुणीतरी प्लॅटफॉर्मकडे बघायचं आणि म्हणायचं, "गर्दी ओसरू दे, मग जाऊ."

गर्दी ओसरायला आठ वाजायचे. म्हणजे लेक्चरं संपल्यापासून आठपर्यंतचा वेळ आमचा, आणि तोही घरी खरं बोलून मिळालेला. स्टेशनबाहेरच्या फोनच्या पिवळ्या डब्यात रुपयाचं नाणं टाकून मी सांगायचे, "आई, गाड्यांना खूप गर्दी आहे, उशीर होईल," आणि आई कधी काही बोलायची नाही, कारण बाबा रोज त्याच गाडीने यायचे. त्या काळात डोंबिवलीच्या मध्यमवर्गीय घरातल्या मुलीला विनाकारण तीन तास बाहेर राहायला मिळणं सोपं नव्हतं. आज मला नाटकाची, वाचनाची, गाण्याची जी काही ओळख आहे ती सगळी ह्या तीन तासांत झाली, ती कुठल्याही अभ्यासक्रमात नव्हती.

आमचं कॉलेज खाडीवर. चेंदणी बंदर रोडला विद्या प्रसारक मंडळाच्या आवारात. संस्था १९३५ ची, कॉलेज आलं १९६९ मध्ये. स्टेशनवरून कोळीवाड्याच्या अंगाने चालत गेलं की दहा-बारा मिनिटांत गेट. मागे सगळी तिवरं आणि त्याच्या पलीकडे पाणी, म्हणजे भरती असेल तर पाणी आणि ओहोटी असेल तर नुसता काळा चिखल. ओहोटीला तो वास वर्गात यायचा, नवीन आलेली मुलं नाक दाबायची, आम्हाला मात्र दुसऱ्या वर्षापासून वासावरून पाणी कुठवर उतरलंय ते कळायचं. सायन्सची मुलं गुडघ्यापर्यंत चिखल माखून यायची, त्यांचं काहीतरी खाडीवरचं काम चालू असायचं. त्यातल्या एकाने मला एकदा निवट्या दाखवल्या. चिखलावर बोटभर लांबीचा मासा, डोळे डोक्यावर बेडकासारखे वर आलेले, पुढच्या परांवर रेलून चक्क चालतो, मग शेपटी आपटून उडी मारतो आणि परत तसाच बसून आपल्याकडे बघतो. मासा पाण्याबाहेर येऊन बसतो हे पुस्तकात वाचलं असतं तर विसरले असते. आज त्याच खाडीचा मोठा पट्टा फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०१५ ला जाहीर झालं आणि २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय रामसर यादीत गेलं, लोक ऐरोलीहून बोटीने फ्लेमिंगो बघायला जातात, फार बरं वाटतं. पण माझ्या डोळ्यांसमोर खाडी म्हटलं की ती निवटीच येते आणि मागे पुलावरून कळव्याकडे जाणारी लोकल.

त्या पुलाचंही आम्हाला कौतुक होतं. बोरीबंदरहून पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला ठाण्याला आली, १४ डबे आणि ४०० पाहुणे, हे शाळेतच पाठ झालेलं. पण रूळ खाडी ओलांडून कल्याणपर्यंत गेले ते पुढच्या वर्षी, मे १८५४ मध्ये. म्हणजे एक वर्ष गाडी ठाण्यालाच थांबत होती. आम्ही डोंबिवलीकर मुली म्हणायचो की बरं झालं असतं, तशीच थांबली असती तर आपण इथेच राहिलो असतो.

तर गर्दी ओसरेपर्यंत जायचं कुठे. पैसे नसायचे. वडापावाचे तेवढे बाजूला ठेवायचे, पास होता म्हणून तिकिटाची काळजी नाही. पावसाळ्यात वाचनालय. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय, वि. ल. भावे आणि त्यांच्या सोबत्यांनी १ जून १८९३ ला सुरू केलेलं, मुंबईचं ग्रंथसंग्रहालय त्यानंतर पाच वर्षांनी निघालं. ठाणेकराला हे सांगताना अजूनही छाती फुगते आणि फुगावीच. विचार करा, तेव्हा ठाणे म्हणजे केवढंसं गाव, चार पेठा, एक तुरुंग, एक कोर्ट आणि तळी, आणि त्या गावातल्या लोकांना वाटलं की मराठीत जे जे छापलं गेलंय ते एका जागी असायला हवं. आम्ही शंभर वर्षांनी तिथे ओल्या छत्र्या दाराशी टेकवून आत जायचो. काऊंटरवर मागणीची चिठ्ठी द्यायची आणि उभं राहायचं. माझ्या मैत्रिणीकडे एक पुस्तक एक मासिक असं खातं होतं, त्या एका खात्यावर आम्ही चौघी वाचायचो, दोन दिवस हिच्याकडे, दोन दिवस तिच्याकडे, आणि परत करताना चौघीही हजर, कारण पुढचं कुठलं घ्यायचं ह्यावर तिथेच काऊंटरसमोर हळू आवाजात भांडण व्हायचं. काऊंटरवरचे काका एकदा म्हणाले होते, "तुम्ही चौघींनी चार वेगवेगळी मागितलीत तर मी काय देऊ?" आणि त्यांनी पाचवंच काढून दिलं. ते आम्हाला चौघींनाही आवडलं. त्यानंतर चिठ्ठीवर आम्ही नुसतं "काका, तुम्हीच द्या" लिहायचो.

पाऊस नसेल तर तलावपाळी. मासुंदा तलाव म्हणून कुणी म्हणत नाही, तलावपाळीच. एका अंगाला कोपिनेश्वर, एका अंगाला सेंट जॉनचं चर्च, पाण्यात मधोमध शंकराचं छोटं देऊळ, पायडलच्या बोटी, तेव्हा घोड्याचे टांगेही असायचे, भेळवाले, कणीसवाले, शेंगवाले आणि कट्ट्यावर अख्खं ठाणे. मला त्या कट्ट्याचं मोल फार उशिरा कळलं. मुलींनी नुसतं बसायचं आणि "इथे का बसलात" असं कुणी विचारायचं नाही, अशा जागा आपल्या शहरांत किती असतात? हॉटेलात बसलं की काहीतरी मागवावं लागतं. बागा अंधार पडला की नकोशा वाटतात. तलावपाळीला आजोबा फेऱ्या मारतायत, बायका पोरांना घेऊन आल्यात, कुणी नवीन लग्न झालेलं जोडपं लाजत चालतंय, उजेड आहे, आणि त्यात चार कॉलेजच्या मुली दोन तास बसल्या तरी त्या त्या गर्दीतल्याच एक. आम्ही तिथे किती काय बोललो. कुणाचं लग्न ठरत होतं आणि तिला ते नको होतं, कुणाचे बाबा गिरणीतून घरी बसले होते. घरी बोलता येत नव्हतं ते सगळं पाण्याकडे तोंड करून बोललोय.

आणि तलावपाळीला लागूनच गडकरी रंगायतन.

हे महत्त्वाचं आहे म्हणून जरा थांबून सांगते. १९७८ ला हे नाट्यगृह झालं ते शहराच्या भर वस्तीत, तळ्याच्या काठाला, स्टेशनपासून चालत जाता येईल असं. आम्ही नाटक बघायला गेलो नव्हतो, आम्ही फेरी मारत होतो आणि नाट्यगृह वाटेत होतं. बाहेरचे बोर्ड वाचायचो, आज काय, उद्या काय. मग एक दिवस तिकीट खिडकीशी गेलो. आत एक गृहस्थ आणि त्यांच्यासमोर पसरलेला प्लॅन. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, एक मोठा कागद, त्यावर अख्ख्या प्रेक्षागृहाच्या खुर्च्यांचे चौकोन छापलेले, रांगांची अक्षरं, विकलेल्या चौकोनावर पेन्सिलीची तिरकी रेघ. घडीच्या जागी कागद मऊ पडलेला. त्यांनी पेन्सिलीचं टोक बाल्कनीच्या शेवटून दुसऱ्या रांगेवर ठेवलं आणि विचारलं, "कॉलेजच्या ना? ह्या चार घ्या, मधल्या आहेत, खांब-बिंब काही येत नाही." चार रेघा मारल्या. आपली जागा त्या कागदावर धरली गेली ह्याचा मला इतका आनंद झाला होता की पुढे नाटकाचा पहिला अंक मी अर्धा त्याच आनंदात बघितला. तिसरी घंटा झाली, दिवे गेले, आणि खाली इतक्या लांब उभा असलेला माणूस साध्या आवाजात एक वाक्य बोलला आणि ते माझ्या कानाशी आलं. त्या संध्याकाळी गर्दी कधी ओसरली ते आम्हाला कळलंच नाही, घरी मात्र बोलणी बसली.

मग काय, एकांकिका करायचं डोक्यात बसलंच. कॉलेजची टीम होती, तालमी रिकाम्या वर्गात, बाकं भिंतीला लावून. आमची एकांकिका कोळीवाड्यातल्या एका घराची होती, खाडी आणि रेल्वे ह्यांच्या मधे सापडलेलं घर. दर चार-पाच मिनिटांनी गाडी जाते आणि माणसं बोलायची थांबतात, असं लिहिणाऱ्याने लिहिलेलं, फार सुंदर कल्पना होती. गाडीचा आवाज आम्ही कॉलेजच्या खिडकीतून कॅसेटवर घेतला. म्युझिक ऑपरेट करणारी माझी मैत्रीण तीन दिवस खिडकीत टेप धरून उभी होती, एकदा कावळा मधे ओरडला, एकदा शिपाईकाकांनी दार आपटलं, शेवटी मिळाला. आणि स्पर्धेच्या प्राथमिक फेरीला, मुंबईत, दुसऱ्याच गाडीला डेकने टेप खाल्ली. स्टेजवरची दोघं थांबली, ठरल्याप्रमाणे, गाडी जायची वाट बघत. गाडी आलीच नाही. मी विंगेत होते, मला अजून ती शांतता आठवते, दहा सेकंद असेल. मग त्यांनी कसंबसं पुढचं वाक्य घेतलं, पण एकांकिकेचा कणाच तो होता, तो गेला. आमचं नाव पुढच्या फेरीत आलं नाही. जी टीम आली तिची पोरं बाहेर "आवाज कुणाचा" करत होती.

परतीच्या गाडीत आम्ही गप्प. मला आणि त्या टेपवाल्या मैत्रिणीला खरं तर सरळ डोंबिवलीला जायचं होतं, गाडीला गर्दीही नव्हती, पण ठाणे आलं आणि सगळेच उतरलो, कुणी कुणाला सांगितलं नाही. तलावपाळीला गेलो. रात्रीचे साडेनऊ, बोटी बांधून ठेवलेल्या, शेंगवाला सामान आवरत होता. एक फेरी झाली, दुसरी झाली, कुणी बोललं नाही. तिसऱ्या फेरीला चर्चच्या समोर ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दोन डेक ठेवायचे." आम्ही दोन डेक ठेवले. पुढच्या वर्षी आम्ही एक फेरी पुढे गेलो, आणि त्या २५ जानेवारीला रात्रभर जागून सवाई स्पर्धेच्या एकांकिका बघितल्या, प्रेक्षक म्हणून, सव्वीसला पहाटेच्या गाडीने घरी.

शहर माणसाला असंच घडवतं असं माझं मत झालंय. ठाण्याने हे खूप जणांना दिलं. गाणी लिहिणारे जनकवी पी. सावळाराम ह्या शहराचे नगराध्यक्ष होते, कवीला गावाने त्या खुर्चीत बसवलं ह्याचा मला फार अभिमान वाटतो. पं. राम मराठे ठाण्याचे, त्यांच्या नावाने महापालिका दरवर्षी संगीत समारोह करते, माझं शास्त्रीय गाण्याचं सगळं कानशिक्षण अशाच समारोहांत मागच्या खुर्च्यांवर झालं. साहित्य संमेलन इथे १९६० ला झालं, १९८८ ला झालं, २०१० ला झालं, शेवटच्याला मी कडेवर मुलगा घेऊन ग्रंथप्रदर्शनात फिरले आणि पुस्तकांच्या पिशव्यांनी दोन्ही हात भरल्यावर तो खाली उतरून माझा पदर धरून चालला. घंटाळीला दर बुधवारी गप्पा-व्याख्यानांचा अत्रे कट्टा भरतो. पाडव्याला कोपिनेश्वरापासून निघणारी स्वागतयात्रा, दिवाळीच्या पहाटे राम मारुती रोड आणि तलावपाळीला नवे कपडे घालून लोटणारी पोरं. ह्या सगळ्याच जागा नकाशावर बघा. जवळजवळ सगळं एकमेकांपासून चालत पंधरा-वीस मिनिटांत आहे.

मग शहर वाढलं, वाढणारच. घोडबंदर रोडला टॉवर झाले, मुंबई विद्यापीठाचं उपकेंद्र बाळकुमला २०१४ मध्ये सुरू झालं, पलीकडे घाणेकर नाट्यगृह झालं, नवी कॉलेजं आली. माझी भाची त्याच बाजूच्या एका कॉलेजात आहे. राहतेही तिकडेच, कासारवडवलीला. हुशार आहे, वाचते, मोबाईलवर का होईना पण वाचते, मैत्रिणींबरोबर पहाटे येऊरला जाते, उपवनला काही कार्यक्रम असला की जाते. मी तिला एकदा हे सगळं सांगत होते, तीन तास, कट्टा, प्लॅन, आणि म्हटलं तुम्ही मुलं का नाही येत अशी फिरायला. ती जरा विचार करून म्हणाली, "मावशी, गर्दीमुळे तुम्ही बाहेर राहिलात. आम्ही त्याच वेळी त्याच गर्दीत बसमध्ये बसलेलो असतो."

मी गप्प बसले. बरोबर होतं तिचं. आमची गर्दी आम्हाला रस्त्यावर सोडून पुढे जायची, तिची गर्दी तिला आत बंद करून घेते. कॉलेज सुटलं की टीएमटीची बस, माजिवडा, कापूरबावडी, मेट्रोच्या खांबांच्या कडेने मुंगीसारखं पुढे, आणि घरी पोचेपर्यंत ते तीन तास संपलेले. तिच्या कॉलेजच्या आवारात ऑडिटोरियम आहे, लायब्ररी आहे, कॅन्टीन एसी आहे. गेटच्या बाहेर मात्र सहा पदरी रस्ता. त्या रस्त्यावर सहज म्हणून कुठे जाता येत नाही, ठरवून जावं लागतं, गाडी करून जावं लागतं, आणि विशीतल्या मुलांना आयुष्यातल्या ज्या गोष्टी धरून ठेवतात त्या ठरवून फारशा भेटत नाहीत. नवीन कॉलेजला परवानगी देताना पार्किंग किती ते विचारतात. पंधरा मिनिटं चालून मूल कुठे पोचेल हेही विचारायला हवं. एक वाचनालय, एक तळं, एक तिकीट खिडकी. ठाण्यात तळी तर अजून कितीतरी आहेत, ती नुसती कुंपण घालून सुशोभित करण्यापेक्षा त्यांच्या काठाला एखादा छोटा रंगमंच आणि रात्री नऊपर्यंत उघडी वाचनखोली द्या, बसचा थांबा तिथेच आणा. मला हे फार मनापासून वाटतं.

गडकरी मधे नूतनीकरणासाठी बरेच महिने बंद होतं. त्या काळात तिथून जाताना मी मान वळवायचे. २०२५ मध्ये परत उघडलं आणि मी भाचीला म्हटलं, रविवारी साडेचारचा प्रयोग, रात्रीचा नको, तुला परत जायला त्रास होईल. तिकिटं तिनेच फोनवरून काढली. स्क्रीनवर खुर्च्यांचे चौकोन होते, विकलेले राखाडी, मोकळे हिरवे. मी म्हटलं अगं हा तर प्लॅनच आहे, आणि तिला पेन्सिलीच्या रेघांचं सांगितलं. तिने बाल्कनीच्या मधल्या दोन घेतल्या, मी काही सांगायच्या आत.

नाटक तिला आवडलं, पण दुसरा अंक जरा लांबला असं तिचं मत पडलं आणि माझंही तेच होतं. बाहेर आलो तेव्हा साडेसात होऊन गेलेले. मी माझ्या सवयीने घाई करायला लागले, रिक्षा बघ, तुझी आई वाट बघत असेल, उद्या सबमिशन आहे म्हणालीस ना. तिने फोनवर रस्ता उघडला, घोडबंदरची पूर्ण रेघ लाल होती, माजिवड्यापासून पार पुढपर्यंत. फोन पर्समध्ये टाकला आणि कट्ट्याकडे वळली.

"आत्ता नको मावशी. गर्दी ओसरू दे, मग जाऊ."

कणीसवाल्याकडून दोन कणसं घेतली. लिंबू जास्त लावायला सांगितलं. समोर एक टोळकं बसलं होतं, पाच-सहा मुलंमुली, पाठीला सॅक, त्यांच्यातला एक जण उभा राहून काहीतरी वाचून दाखवत होता आणि बाकीचे मधे मधे तोडत होते, "नाही रे, हे वाक्य तिचं दे." भाची त्यांच्याकडे बघत होती. मग कणीस अर्धं खाऊन झाल्यावर मला म्हणाली, "तुमच्या त्या एकांकिकेची संहिता आहे का गं कुणाकडे?"

मी म्हटलं, विचारते. दोन डेकवाली आता ठाण्यातच राहते.